वाङ्मयाचा विद्यार्थी आणि जागेचे मोल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय दिला तो असा : मराठी वाङ्मय घेऊन एम. ए. झालेला मनुष्य वकिलीत कसा शिरतो, आणि शिरल्यावर जमीनजुमल्याच्या मूल्यांकनासारख्या कोरड्या प्रांतात आयुष्य कसे घालवतो, ते सांगावे. विषय सांगताना त्यांच्यापैकी दोघे हसले. ते हसणे आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. कॉलेजात असताना नातेवाईक विचारीत, "मराठी घेऊन पुढे काय करणार?" आणि आता पक्षकार विचारतात, "वकीलसाहेब, जागेच्या दराशी तुमच्या कवितेचा संबंध काय?" दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे, पण ते एका वाक्यात देण्याजोगे नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. आम्ही मूल्यांकनकार नव्हे. जागा मोजून, बांधकामाचे वय पाहून अहवाल देणारा नोंदणीकृत मूल्यांकनकार बहुधा स्थापत्य अभियंता किंवा वास्तुविशारद असतो. कंपनी कायद्याखाली २०१७ साली झालेल्या नियमांत त्याची पात्रता ठरवून दिलेली आहे, आणि जमीन व इमारतींच्या वर्गात नुसत्या वाङ्मयाच्या पदवीला शिरकाव नाही. आमचे काम त्याच्या अहवालाला प्रश्न विचारण्याचे. हा आकडा आला कोठून, कोणत्या कागदावरून, आणि त्या कागदातल्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारणारा वकील कोर्टात लागतो, बँकेत लागतो, भावाभावांच्या वाटणीत लागतो, आणि अलीकडे तुमच्या सोसायट्यांच्या सभांतही लागतो.

आता 'भाव' हा शब्दच घ्या. आपण देवाच्या ठायी भाव धरतो आणि मंडईत भाव विचारतो. वाङ्मयाच्या वर्गात आम्ही भाव, विभाव, अनुभाव अशी उतरंड पाठ केली. वकिलीत आल्यावर दुसरा भाव शिकावा लागला. मनातला भाव आणि बाजारातला भाव यांना एकाच शब्दात कोंबणारी आपली भाषा अडाणी नाही. जमिनीच्या प्रत्येक खटल्यात हे दोन्ही भाव समोरासमोर उभे असतात आणि कायदा त्यांतल्या एकालाच खुर्ची देतो. ते कसे, हे पुढे येईल.

साहित्याकडून कायद्याकडे जाणारी वाट आम्ही पाडलेली नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहेच. १८८० साली कोकणात जन्मलेला हा पुरुष संस्कृत घेऊन एम. ए. झाला, त्याने शिक्षकी केली, 'साहित्यदर्पणा'ची टीपांसह आवृत्ती काढली, संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास लिहिला. आणि १९११ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात बाहेर पडला आणि १९६३ साली ते भारतरत्न झाले. काण्यांनी मूल्यांकनाचा धंदा केला असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या तिसऱ्या खंडात व्यवहाराचा, म्हणजे न्यायदानाचा, जो भाग आहे तो जमिनीच्या वकिलाने अवश्य वाचावा. आपल्या स्मृतिकारांनी मानवी प्रमाणे तीन सांगितली : लेख, भुक्ती आणि साक्षी. कागद काय म्हणतो, कब्जा कोणाचा आहे, आणि शेजारी काय सांगतो. आज बँकेसाठी मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध घेताना आम्ही याच तीन पायऱ्या चढतो. फक्त त्यांवर टंकलेखन झालेले असते.

दुसरे उदाहरण परक्या माणसाचे आहे, पण मौजेचे आहे. होरेस हेमन विल्सन या इंग्रजाने १८१३ साली कलकत्त्यास कालिदासाच्या 'मेघदूता'चे इंग्रजी भाषांतर छापले. पुढे तो ऑक्सफर्डला संस्कृतचा प्राध्यापक झाला, आणि १८५५ साली त्याने हिंदुस्थानातल्या न्यायालयीन व महसुली शब्दांचा जाडजूड कोश प्रसिद्ध केला. इनाम, वतन, मिरास असल्या शब्दांची उकल करताना जुने वकील तो कोश हाताशी ठेवीत. हा गृहस्थ पोटासाठी काय करीत होता? कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस पाहण्याचे काम! यक्षाचा विरह, सोन्याचा कस आणि जमीनमहसुलाचे शब्द एका डोक्यात सुखाने नांदू शकतात, याला याहून चांगला दाखला आम्हांला मिळालेला नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल. बी. चा अभ्यास केला, सनद घेतली आणि ठाण्यास एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली राहिलो. त्यांच्याकडे भूसंपादनाची कामे असत. आम्हांला त्यांनी ठेवून घेतले ते कायद्याच्या ज्ञानासाठी नव्हे. आम्हांला मोडी वाचता येत होते. जुने गहाणखत, एखादे बक्षीसपत्र, देवळाच्या इनामाचा कागद पुढे आला की ते म्हणत, "या, साहित्यिक, वाचा." पहिली दोन वर्षे आम्ही बहुतेक वाचण्याचेच काम केले. पैसे थोडे मिळत, ही गोष्ट येथे बसलेल्या तरुणांपासून लपवण्यात अर्थ नाही. त्या काळात घरी दुसरा कोणी मिळवता असेल तर बरे असते.

पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. जमिनीच्या कागदात एकेक शब्द रुपयांनी भरलेला असतो. लांब कशाला, तुमच्या पायांखालची ही भूमी पाहा. मिरा-भाईंदरचा हा पट्टा खाडीचा, मिठागरांचा. येथले जुने उतारे वाचताना खाजण, मिठागर, खारजमीन हे शब्द भेटतात. ठाणे-कुलाब्याकडच्या जुन्या दप्तरांत 'शिलोत्री' असा एक शब्द येतो. समुद्राला बांध घालून लागवडीला आणलेली ती जमीन. नवख्याला हे सारे शब्द सारखेच वाटतात. ते सारखे नाहीत. ज्या जमिनीला बांध होता आणि भात पिकत होते ती शेतजमीन. जिच्यावर भरतीचे पाणी खेळत होते आणि कांदळ उगवत होते ती निराळी. १९९१ साली किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना निघाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड आणि त्याच्या सभोवार पन्नास मीटरांपर्यंतचे बांधकाम यांना मनाई केली. तेव्हापासून उताऱ्यातला एखादा 'खाजण' शब्द खरा की लेखनिकाच्या सवयीने पडलेला, यावर त्या भूखंडाचे सारे मोल लटकू लागले. मोजणीदार जागा मोजतो. तो शब्द मोजून देणारा कोणी लागतोच.

अशीच गोष्ट सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्याची. खरेदीदार मालकाचे नाव वाचतो, क्षेत्र वाचतो आणि उतारा घडी करून खिशात घालतो. कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, बहिणीच्या पोटगीची नोंद, शेजाऱ्याची वहिवाट ही सगळी पात्रे त्या अरुंद रकान्यात उभी असतात. नाटकात गौण पात्रच शेवटी पेच सोडवते किंवा वाढवते, हे ज्याने शिकलेले आहे तो हा रकाना आधी वाचतो.

आता मूल्यांकनाच्या मुख्य कल्पनेकडे येऊ. बाजारमूल्य म्हणजे काय? कायदा सांगतो, विकण्यास राजी असलेल्या माणसाने घेण्यास राजी असलेल्या माणसाकडून, कोणावर जबरदस्ती नसताना, जी किंमत घेतली असती ती. श्रोतेहो, हे दोघे राजी पुरुष कोठे राहतात? कोठेच नाही. ती कल्पित पात्रे आहेत. साऱ्या भूसंपादनाच्या कायद्याचा डोलारा दोन कादंबरीतल्या माणसांवर उभा आहे, हे प्रथम उमगले तेव्हा आम्हांला फार धीर आला. पात्रे उभी करणे, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, हे तर आमचे जुने शिक्षण!

१९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पुण्यातल्या भूसंपादनाचा चिमणलाल हरगोविंददास यांचा खटला आला. त्या निकालपत्रात मूल्यांकनाची सूत्रे इतक्या सुबोध रीतीने मांडली आहेत की ती कोणाही सुशिक्षिताने वाचावीत. भूखंड लहान असणे, रस्त्याला दर्शनी बाजू असणे, आकार नीटस असणे, वस्ती जवळ असणे, या जमेच्या बाजू. क्षेत्र फार मोठे असणे, जागा आतल्या अंगाला असणे, रुंदी थोडी आणि खोली फार असणे, पातळी खाली असून भराव घालावा लागणे, या वजाबाकीच्या. शेवटची बाब ऐकून मिरा रोडकरांना पावसाळा आठवला असेल! न्यायाधीशाने हे सारे शहाण्या खरेदीदाराच्या नजरेने पाहावे, असे न्यायालयाने सांगितले.

याहून जुना एक निवाडा विशाखापट्टणमच्या बंदराजवळच्या जमिनीचा, प्रिव्ही कौन्सिलचा, १९३९ सालचा. जमिनीत एक झरा होता. बंदरात हिवतापाची भीती म्हणून तेथल्या अधिकाऱ्यांना ती जमीन हवी होती, आणि झऱ्याच्या पाण्याला दुसरे गिऱ्हाईक जवळपास नव्हते. सरकारपक्षाचे म्हणणे, गिऱ्हाईक एकच आणि तेही जमीन सक्तीने घेणारे; मग झऱ्याची निराळी किंमत कसली? कौन्सिलने ते मानले नाही. गिऱ्हाईक एकटेच असले तरी जमिनीच्या अंगी असलेल्या गुणाचे मोल धरलेच पाहिजे, असा निर्णय झाला. त्या निवाड्यातला कल्पित सौदा वाचताना एखादा उत्तम संवाद वाचल्यासारखे वाटते.

मात्र ही पात्रे कल्पित असतात आणि कोर्टात येणारा माणूस खरा असतो. १८९४ चा भूसंपादन कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला. त्याच्या २४ व्या कलमात, भरपाई ठरवताना काय काय विचारात घेऊ नये याची यादी होती. त्यांत एक बाब अशी, की मालकाची ती जमीन सोडण्याची नाखुषी विचारात घेऊ नये. मघाशी आम्ही म्हटले ना, कायदा दोन भावांतल्या एकालाच खुर्ची देतो, ते हे. त्याच कायद्याने दुसऱ्या हाताने सक्तीबद्दल म्हणून बाजारमूल्यावर काही टक्के जादा देऊ केले होते. त्या रकमेला मराठीत 'दिलासा रक्कम' म्हणतात. आधी ती शेकडा १५ होती, १९८४ साली ३० झाली, आणि २०१३ च्या नव्या कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, ती शंभर टक्के झाली. दिलाशाचा दर दर पिढीला वाढत गेला. त्यामागे शेतकऱ्यांची किती आंदोलने होती हे कलमात लिहिलेले नसते.

ठाणे जिल्ह्यातल्या एका गावची म्हातारी भरपाई वाढवून मागण्यासाठी साक्षीला उभी होती. आमच्या वकीलसाहेबांनी सरतपासणीत विचारले, "आजी, तुमच्या जमिनीला काय भाव आला असता?"

आजी म्हणाली, "विकायचीच नव्हती, तर भाव कशाला काढू, दादा?"

कोर्टात हशा झाला. साक्ष म्हणून हे उत्तर निकामी होते. नाखुषी तर कायद्याने आधीच बाहेर ठेवलेली. आम्ही मागे बसून सातबारा चाळत होतो. पीकपाहणीत भाताच्या ओळीआड एका विहिरीची नोंद दिसली. चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. साहेबांनी विचारले, "आजी, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असते?"

"असते म्हणजे? चैत्रात अर्ध्या गावाची भांडी माझ्याच विहिरीवर. मिरची, वांगी माझी वैशाखापर्यंत चालतात."

हे मात्र नोंदले गेले. तलाठ्याची नोंद आणि शेजाऱ्याची साक्ष जुळली, आणि जी जमीन जिरायत म्हणून धरली होती ती बागायत धरली गेली. भरपाई वाढली. आजीचे दुःख जसेच्या तसे कोर्टाच्या कागदावर जाऊ शकत नव्हते; ते विहिरीच्या पाण्यातून गेले. आमच्या मते या धंद्याचे मर्म येथे आहे. माणूस काय सांगतो आहे ते पुरते ऐकून घ्यायचे, आणि त्यातले कायद्याला ऐकू येईल असे काय आहे ते शोधायचे. पहिले आम्हांला वाङ्मयाने शिकवले आणि दुसरे वकीलसाहेबांनी.

भूसंपादनातून मग इतर कामे फुटत गेली. बँकांचे शोध-अहवाल, मृत्युपत्रांचे तंटे, वडिलोपार्जित घराची वाटणी, भांडवली नफ्याच्या करासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य काढताना लागणारे जुने कागद. मुद्रांक शुल्काचे वादही पुष्कळ आले. सरकार दरवर्षी जे दरांचे तक्ते काढते, ज्यांना तुम्ही आम्ही 'रेडी रेकनर' म्हणतो, ते शुल्क आकारण्यासाठी असतात. त्यांतला दर म्हणजे तुमच्या घराची किंमत नव्हे. भूसंपादनाच्या भरपाईला अशा नोंदवहीचा आधार पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले होते. पुढे २०१३ च्या कायद्याने मुद्रांकासाठी ठरलेला दर हा एक मापदंड म्हणून घेतला, पण शेजारच्या विक्रीव्यवहारांची सरासरी जास्त येत असेल तर ती धरावी असेही म्हटले. कामे अशी नाना प्रकारची, पण प्रत्येकाच्या मुळाशी वाचणे आहे.

आता तुमच्या दाराशी येऊ. शांती नगरात उभे राहून जागेच्या कायद्याविषयी बोलणाऱ्याने १९९० च्या एका निकालाचे नाव घेतलेच पाहिजे. 'शांतिस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खिमालाल टोटामे' हा तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कमाल जमीन धारणेच्या १९७६ च्या कायद्यातून सूट घेऊन दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या योजनेचा तो वाद होता. त्यात घरांच्या दराचा प्रश्न होता, आणि 'दुर्बल घटक' म्हणजे नेमके कोण, या शब्दाच्या अर्थाचाही होता. त्या निकालात न्यायालयाने म्हटले की पशूला निवारा लागतो तो अंग झाकण्यापुरता. माणसाला लागतो तो सर्वांगांनी वाढता येईल असा. निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे सांगताना देशभरचे वकील हा निकाल पुढे करतात. येथल्या वसाहतीच्या नावाशी ज्या विकासकाचे नाव जोडले गेले आहे त्याच्याच नावाने तो ओळखला जातो, हे येथे राहणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

तो कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, मेट्रोचे खांब उभे राहिले, आणि मुंबईतून चाळीतली खोली सोडून येथे आलेल्या माणसाचे घर आज पुनर्विकासाच्या चर्चेत आहे. येथे आम्हांला जे सांगायचे आहे ते जरा कडू आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या नावावर सदनिका आहे, पण इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? १९६३ च्या सदनिका कायद्याने विकासकाने सोसायटी झाल्यावर ठराविक मुदतीत जमिनीसह अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. ते जेथे झाले नाही तेथे २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट उघडली. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटीला ते एकतर्फी मिळवता येते. जमीन नावावर नसलेली सोसायटी पुनर्विकासाच्या बोलणीला बसते तेव्हा ती दुसऱ्याच्या पाटावर बसलेली असते. वाढीव चटई क्षेत्राचे मोल कोणाच्या पदरात पडणार, हे त्या एका दस्तावर ठरते, आणि कितीही हुषार मूल्यांकनकार आणला तरी तो दस्ताची उणीव आकड्याने भरून काढू शकत नाही.

आणि करार पुढे येईल तेव्हा तो वाचा. 'सुमारे', 'शक्य तोवर', 'विकासकाच्या मते योग्य' हे शब्द कोठे आले आहेत त्यांखाली पेन्सिलीने रेघ मारा. नवी जागा चटई क्षेत्रात सांगितली आहे की आणखी कशात, ते पाहा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या करून दिली आहे, तीच करारात उतरली आहे का ते पाहा. भाडे किती महिने मिळणार आणि काम लांबले तर पुढे काय, याचे वाक्य पुरे आहे की मध्येच तुटले आहे? सोसायटीतला कोणी मराठीचा, इंग्रजीचा शिक्षक असेल तर त्याला या कामी धरा. तो म्हणेल, मला कायदा कळत नाही. त्याला सांगा, कायदा आम्ही पाहू. तुम्ही कर्ता, कर्म आणि क्रियापद पाहा. कित्येक करारांत पैसे कोणी द्यायचे तो कर्ताच गाळलेला आम्ही पाहिला आहे.

तरुणांसाठी दोन शब्द. वाङ्मयाची पदवी घेत असाल तर मोडी शिकून घ्या, सातबारा आणि फेरफार वाचायला शिका, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली सूची क्रमांक दोन काय असते ते स्वतः जाऊन पाहा. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला राज्याची प्रवेश परीक्षा आहे, आणि पुढे बार कौन्सिलचीही एक परीक्षा द्यावी लागते. गणिताची भीती बाळगू नका. या कामात त्रैराशिकापलीकडचे गणित क्वचितच लागते. कविता मात्र सोडू नका. ती दुपारी कोर्टाच्या ओसरीवर, प्रकरण पुकारले जाण्याची वाट पाहताना, वाचता येते.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे असे अध्यक्षांनी सांगितले आहे. ज्यांनी आपल्या सोसायटीचे कागद आणले असतील त्यांनी पुढच्या रांगेत यावे. करारनामा, सूची दोन, मंजूर नकाशा आणि चालू सातबारा एवढे असले म्हणजे पुरे.